पाळण्याची राहिलेली चाल

रविवारी पनवेलला सलीलच्या मुलीचं बारसं होतं आणि पाळणा म्हणायचा मान आत्याचा, म्हणजे क्षिप्राचा. तो तिने दोन महिने आधीच मोठ्या तोऱ्यात मागून घेतला होता. पाळणाही साधासुधा नव्हे, आईचा. सलीलच्या बारशाला श्यामलाबाईंनी स्वतः चाल बांधून म्हटलेला. शब्द घरात सगळ्यांना पाठ, पण चालीची बोंब. ध्रुवपद व्यवस्थित यायचं आणि अंतऱ्याशी पोचलं की क्षिप्राचा गळा अडायचा. तो पाळणा झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिचं सारं लक्ष घुगऱ्यांकडे होतं.

आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. चाल उरली असलीच तर एका ठिकाणी, अण्णांच्या जुन्या फोनमध्ये. त्यात बटणं दाबून स्वतःची धून घालता येई. आई पेटी वाजवायची. तिने नाकावर चष्मा घेऊन हौसेने पाळणाच त्यात घातला होता. मग अण्णा सुपारीच्या वाडीत असताना फोन आला की त्यांच्या खिशात पाळणा वाजे. फोनमधला अंतरा मात्र कुणी ऐकला नव्हता, कारण ध्रुवपद संपायच्या आत फोन उचलला जायचा. अण्णांना विचारण्यात तर अर्थच नव्हता. आमच्या ह्यांना सूर आणि सुतळी सारखीच, असं आईच म्हणायची.

म्हणून क्षिप्रा आठवडाभराची रजा टाकून श्रीवर्धनला आली. फोनला शोधून आणलेली बॅटरी घातली. पडदा उजळला, पण आवाज कायमचा बसलेला. खाऱ्या हवेने आतला स्पीकर खाऊन टाकला होता. केबलची सोय नाही, ब्लूटूथ नाही. एकच वाट होती: फोनच्या डोक्यावरच्या काळ्या काचेतून निघणारा इन्फ्रारेडचा न दिसणारा उजेड. तो ओळखणारा लॅपटॉपही घरातच होता, तिच्या पहिल्या नोकरीतला, कपाटात पडून राहिलेला.

लॅपटॉप चालू झाला. पण त्यावर मागे कधीतरी तिनेच नवं लिनक्स चढवलं होतं आणि त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राशी थेट बोलणाऱ्या गाभ्यात, इन्फ्रारेडचं प्रकरणच उरलं नव्हतं. आता कोण वापरतंय म्हणून कधीच काढून टाकलेलं. क्षिप्राला राग आला. आपल्याला न विचारता आपल्या घरातली खोली पाडावी तसा. मग तिने त्या गाभ्याची जुनी आवृत्ती उतरवून घेतली. कर्नलमध्ये काय हवं, काय नको, हे विचारणारे पडद्यावरचे प्रश्न एकेक करून पुढे सरकू लागले आणि इन्फ्रारेडचा प्रश्न आला तशी ती थबकली.

तिला हॉस्टेलची खोली आठवली. दोन फोन टेबलावर नाकाला नाक लावून ठेवायचे आणि धून पोचेपर्यंत सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. मधून कुणाचा हात गेला की त्या मुलीचा उद्धार व्हायचा. तेव्हा कुणालाच कसली घाई नव्हती, असं आता क्षिप्राला वाटलं. खरं तर घाई तेव्हाही होती. पण ते दिवस तिला फार हवेसे झाले. तिने ‘हो’ दाबलं.

कर्नल नव्याने बांधायला त्या म्हाताऱ्या लॅपटॉपने अख्खा दिवस खाल्ला. त्यात वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. बांधून झाल्यावर कळलं की लॅपटॉपच्या इन्फ्रारेड चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, निवडायचाच राहिला. तो निवडून परत बांधला, तर दुसऱ्याच एका जोडणीचा, सीरियल पोर्टचा, ड्रायव्हर ती जागा आधीच अडवून बसलेला. त्याला तिथून हुसकावलं. अण्णा मधून मधून चहा आणून ठेवत आणि झालं का गो, असं विचारत. नाही म्हटलं की निवांत सुपारी सोलायला बसत.

शुक्रवारी सगळं जागच्या जागी होतं, तरी लॅपटॉपला समोरचा फोन दिसेना. डोळ्यांना न दिसणारा तो उजेड कॅमेऱ्याला दिसतो, म्हणून क्षिप्राने आपल्या रोजच्या फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. लॅपटॉपची काच जांभळट लुकलुकत होती. जुन्या फोनची ठार काळी. नखाने खरवडलं तर रंगाची खपली निघाली. अण्णांनी शांतपणे सांगितलं की पावसाळ्याआधी पंपाला आणि फाटकाला काळा रंग द्यायचा असतो, तो उरला होता, तेव्हा फोनच्या त्या भोकालाही दिला. खारी हवा आत जाऊ नये म्हणून. क्षिप्राने कपाळावर हात मारला आणि टर्पेंटाईनच्या बोळ्याने काच पुसली.

फोन लगेच दिसला. धून आली. क्षिप्राने ती लॅपटॉपवर लावली आणि ध्रुवपद वाजू लागलं, आईने बटणं दाबून घातलेलं, थोडं अडखळत. ते संपलं आणि पुन्हा ध्रुवपदच सुरू झालं. तिने उलटसुलट तपासलं. पुढे काही नव्हतंच. त्या फोनमध्ये तेवढेच सूर मावत होते. आई दुसऱ्यांदा गेली असं तिला वाटलं आणि तिला रडू आवरेना.

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला.

“अंतरा त्यात जाईना, म्हणून चिडली होती,” ते म्हणाले. “मग मला शिकवला. म्हणाली, यंत्राला जमत नाही तर तुम्ही लक्षात ठेवा.”

आणि त्यांनी म्हटला. आवाज फाटका, पण सूर एकूण एक जागेवर. असल्या गळ्यात तो बसवायला आईला किती दिवस लागले असतील, कोण जाणे.

“मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत, अण्णा?”

अण्णांनी हातातली सुपारी सुपात टाकली.

“सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशीच्या एसटीने तू गेली असतीस.”

क्षिप्राने लॅपटॉप मिटला आणि त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली. अंतरा तिला एका ऐकण्यात आला होता.

“मला नीट नाही बसला अजून,” ती म्हणाली. “पुन्हा म्हणा.”