झाकण्या धान

हरिदास माया सख्खा दीर. मी त्याच्या मेलेल्या भावाची बायको, वच्छला. त्या हरिदासनं भर चौकात मले बोट दाखवलं. "हिनं करणी केली! हिच्या धानाच्या बांधीत निंदा, गवताची काडी उगवत नाई, आन माया धानात टोंगळाभर गवत!"

मी काय ऐकून घेणार हाये? म्हणलं, "मेल्या, बी नुसतं आवत्या फेकलं आन मोबाईल पायत बसला. नाचता येईना, अंगण वाकडं!"

कोणीच हासलं नाई. पोलीस पाटील सुपारी कातरत खाली पायत होता. आमच्याकडं बाईले करणीचं नाव लागलं का पह्यलं पाणी तुटते, मग लोक काठ्या घेऊन दारात येते. भेव वाटलं मले, खोटं काऊन बोलू?

"झाकण्या धान हाये थो, सासूचा," मी सांगतलं. "पंधरा दिवसात पानं आडवी पसरते, जमिनीले ऊन लागू देत नाई. निंदा उगवल कसा? वाटणीत तूच म्हणला, हा जाडा धान कोण खाईल. आता दे तुया बांधीचा एक कोपरा. माती तुयी, पाणी तुयं, धान माया. निंदा निघाला त मी गाव सोडीन."

नाई निघाला त काय, हे ठरवायचं राह्यलं. तिथीच फसली मी.

कोपरा उखरून मी झाकण्या पेरला, आन चाळीस दिवसांनी सारं गाव बांधीच्या धुऱ्यावर जमा. हरिदासच्या बांधीत गवतात धान शोधा लागे. माया कोपऱ्यात मी हातानं पानं बाजूले केली, खाली नुसती काळी माती. मी मोठ्यानं हासली.

हरिदास दोन पावलं मागं सरला. "पाह्यलं? आता माया बांधीतही शिरली हिची करणी!"

आन लोकायनं माना हालवल्या, नासमिट्यायनं! त्या दिवसापासून हातपंपावर मी गेली का बाया घागरी उचलून निघून जाये. कापणीले कोणी आलं नाई. सारा धान मी एकटीनं कापला.

मळणी झाल्यावर एक दिवस दुपारी मागच्या दारात सोमारी उभी. हरिदासची बायको. पदराखाली सूप.

"बाई, पायलीभर बीज द्या. निंदून निंदून बोटं सडले माये. पण कोणाले सांगू नोका."

"एक काय, दोन पायल्या देईन. चौकात येऊन मांग. सगळ्यायसमोर म्हण, हा धानच हाये, करणी नाई."

"तसं म्हणलं त थे मले घरात ठेवतीन काय?"

"आन मले कोण ठेवून राह्यलं?"

ती रडाले लागली. बोटायच्या बेचक्या खरंच पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. लय वाईट वाटलं मले. मी वाट पाह्यली. तिनं रिकामं सूप परत पदराखाली झाकलं.

"त जा," म्हणलं, "निंदत बस."

आन कडी लावून घेतली.