श्यामरावांचं कुलूप

आईच्या दुखण्यासाठी माहेरी दिघोरीला गेले होते. परत आले तर सानगडीतल्या माझ्याच घराला कुलूप. माझं नव्हे, धाकटे दीर श्यामराव यांचं. जाड, पिवळं, नवं कोरं. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि घरकुलाचं घर माझ्या नावावर होतं. तरी श्यामराव माझ्या अंगणात उभे राहून मलाच समजावत होते, "वयनी, एकटी बाई कशी राहीन? आमच्याकडं राहा, नाही त दिघोरीले जा. घराकडं मी पाहून राहिलो न."

संतापानं मी ते कुलूप ओढून ओढून पाहिलं. शेजारच्या ललिताबाईंनी मला आपल्या घरात नेलं, पाणी दिलं आणि परसातला एक धोंडा दाखवला. "घे वं तुळसा, हान. एका घावात पडते."

"माह्याच घरात धोंडा घेऊन काहून शिरू, काकू?"

शिवाय कुलूप फुटलं की श्यामराव पोलीसपाटलांकडे धावणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांना तेच हवं होतं. घर कोणाचं हे बाजूला राहिलं असतं आणि तुळसानं कुलूप फोडलं एवढंच गावभर झालं असतं. मी ललिताबाईंच्या ओसरीवर पथारी टाकली आणि आठवडी बाजारात परसराम चावीवाल्याला गाठलं. त्याला श्यामरावांनी आधीच दम भरून ठेवला होता, तुळसा आली तर खोलून द्यायचं नाही म्हणून.

"खोलून नका देऊ, परसरामभाऊ. मले शिकवा," मी म्हणाले. शिकवण्याबद्दल दम भरायचं श्यामरावांना सुचलं नव्हतं.

परसरामभाऊ खूप हसले, पण दोन जुनी कुलपं पुढ्यात ठेवली. शेजारी तीन बारीक पट्ट्या. एक वाकडी, कुलपाला ताण द्यायला. ती कायमच लागते. एक करवतीसारखी दातेरी. एक टोकाला हुक असलेली.

"नवीन मानसानं करवत घ्यावी, बाई. ताण द्यायचा अन् आतबाहेर खरवडत राहायचं. आतल्या पिना आपोआप जागेवर बसते. हुकानं एकेक पिन चाचपून उचला लागते. तुह्यानं नाही होनार ते."

खरवडलं. कुलूप फटकन उघडलं. मी भर बाजारात ओरडलेच! पुन्हा लावलं, पुन्हा खरवडलं, उघडेना. दुसरं घेतलं, ते उघडलं. पहिलं अजून तसंच.

"आता काहून नाही उघडत?"

"तुक्का हाय तो. लागला त लागला."

तुक्क्यावर मला माझं घर नको होतं. नवरा गेल्यापासून जो तो मला नशिबाच्याच गोष्टी सांगत होता, ऐकून कान किटले होते. मी हुक उचलला. परसरामभाऊ चिडले.

"बोटं दुखतीन, मंग सोडून देशीन!"

"दुखू द्या."

दुखली. दिवसा भाताच्या रोवणीचा चिखल, संध्याकाळी ओसरीवर परसरामभाऊंनी दिलेलं कुलूप अन् पट्ट्या. मी ताणपट्टी रागानं दाबायची आणि सगळ्या पिना जाम व्हायच्या. राग बोटांत उतरू द्यायचा नाही, हे शिकायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. हळूहळू बोटांना कळायला लागलं. एक पिन बाकीच्यांपेक्षा घट्ट लागते, तीच आधी उचलायची. ती बसली की दुसरी घट्ट होते.

रोवणी आटोपली आणि एका भर दुपारी मी माझ्या दारापुढे बसकण मारली. श्यामराव धावत आले, सोबत पोलीसपाटील मधुकरराव.

"पाहा, दिवसाढवळ्या घरफोडी करून राहिली!"

"कोनाच्या घराची?" मधुकररावांनी विचारलं.

गल्ली हसली.

"कुलूप फुटलं त बोलीन मी," असं म्हणून मधुकरराव तिथेच उभे राहिले.

एवढे डोळे पाठीवर आल्यावर माझी हिंमत खचली. लवकर सुटावं म्हणून मी करवत घेतली. खरवडलं, पुन्हा खरवडलं. आत काही हलेना. श्यामरावांना हसू आवरेना. "जवसाचं तेल पाजलं त्याले मी! गंजू नाही म्हनून. घान्याचं, अस्सल!"

जवसाचं तेल! ते वाळलं की गोंदासारखं धरतं, डब्याचं झाकण निघता निघत नाही. श्यामरावांनी जन्मात एकदा तेलाचा डबा घासला असता तर त्यांनाही कळलं असतं. आत एखादी पिन चिकटली होती, आणि ती खरवडून सुटणार नव्हती.

करवत बाजूला ठेवली. हुक घातला. पुढच्या पिना एकेक करून बसल्या, मागची एक ढिम्म. ताण किंचित सैल केला, हुक तिच्याखाली नेला आणि तिला हलकेच वर धरून राहिले. ती चिकटत चिकटत वर सरकली. टक्. कुलूप माझ्या हातात उघडलं.

"बाप्पा!" ललिताबाई ओरडल्या.

"तुक्का लागला," श्यामराव म्हणाले. "नाही त बिघडलं असन कुलूप."

मी ते कडीत घालून दाबून बंद केलं. "चावी लावून पाहा, भाऊजी."

त्यांनी चावी लावली. नीट उघडलं. मधुकररावांनी स्वतःच्या हातानं पुन्हा बंद केलं, ओढून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी परत बसले. या वेळी करवतीला हात लावला नाही. प्रत्येक पिन बसली की मोठ्यानं सांगितलं, "बसली." गल्ली ऐकत होती. कुलूप उघडलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो लपवायचं मला काही कारण नव्हतं. मी खदखदून हसले.

"याच्याहून मोठं लावीन मी," श्यामराव पुटपुटले.

"लावा न."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या बाजूनं बोलायला कोणी पुढे येईना. मधुकरराव तर घराकडे निघालेही होते. शेवटी श्यामरावांनी मान खाली घालून चावी पुढे केली. "घ्या, वयनी. ठेवा तुमच्यापाशी."

मी कुलूपही त्यांच्या हातावर ठेवलं.

"मले नाही लागत," मी म्हणाले आणि कडी काढून आत गेले.