वय एकोणीस, खंड बावीस

चौदा कॉलेजं एका धाग्यात ओवायची असं ठरलं, आणि तो धागा सापडायलाच तीन वर्षं गेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातली सोळाशे तरी या सिस्टीमला आलीच. पण अखेर ती उभी राहिली. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा, चौदाही ठिकाणच्या मार्गदर्शकांना तो दिसावा, आणि ज्याला उत्तर ठाऊक असेल त्याने ते द्यावं, एवढी साधी गोष्ट. सगळं तयार होतं, फक्त विद्यार्थी नव्हते. ते महिन्याभराने यायचे होते. तोवर मार्गदर्शकांचा हात बसावा म्हणून एक खोटी विद्यार्थिनी तयार केली. वय एकोणीस, आणि नावाच्या रकान्यात ‘नमुना’.

या नमुन्याच्या वतीने रोज प्रश्न विचारायचं काम ताईकडे आलं. ताई म्हणजे सिस्टीम तपासून पाहणारी, ऑफिसातली सगळ्यात जुनी बाई. वय त्रेचाळीस. टेबलावर एक करडा दगड, त्याच्यामधून गेलेली पांढरी रेघ, आणि त्याच्याखाली दाबलेले कागद. सिस्टीम लिहिणाऱ्या तरुणाला सगळे घाईसाहेब म्हणत, कारण तो चहा उभ्यानेच प्यायचा आणि ‘बघतो’ म्हणेपर्यंत दाराबाहेर गेलेला असायचा.

“ताई, तीस प्रश्न हवेत. काहीही विचारा. गणित जमत नाही, विषय बदलायचाय, असलं काहीतरी.”

“आणि चुकून शहाणा प्रश्न विचारला तर?”

“तसा विचारू नका, उत्तर द्यायला वेळ लागेल,” म्हणून साहेब गेलेसुद्धा.

समोरच्या भिंतीवर मोठी स्क्रीन होती आणि तिच्यावर चौदा ठिपके. दुपारी जेवणं झाली की ऊन टेबलावर सरकत यायचं, यंत्रांची घरघर कानात भरायची, आणि ताईला त्या ठिपक्यांच्या खिडक्या दिसू लागायच्या. प्रत्येक खिडकीमागे एक टेबल, टेबलामागे एक माणूस, आणि सगळ्या खिडक्या एकाच लांबलचक व्हरांड्यात उघडणाऱ्या. त्या व्हरांड्यातून हातात वही घेऊन एक मुलगी चाललेली असायची. एकोणीस वर्षांची. तिच्या चपलांचा आवाज ताईला ऐकू यायचा. ते झोपेत होतं की जागेपणी, हे मात्र तिने कधी तपासून पाहिलं नाही.

अशाच एका दुपारी सतरावा प्रश्न लिहायचा होता. ताईची बोटं चालू लागली आणि थांबली, तेव्हा स्क्रीनवर हे लिहिलेलं होतं:

‘दोन वर्षं भूगर्भशास्त्र शिकले. मग वडिलांची बदली झाली. नवीन कॉलेज म्हणालं, आधी जुन्याचा दाखला आणा. जुनं म्हणालं, आधी नव्याचं प्रवेशपत्र आणा. चार महिने हेलपाटे घातले. मग घरी बसले. बावीस वर्षं झाली. आता काही होईल का?’

खाली दोन्ही कॉलेजांची नावं होती, साल होतं आणि हजेरी क्रमांक सत्तावीस. दोन्ही कॉलेजं त्या चौदांतलीच. पुसावं म्हणून तिने बोट उचललं आणि ते पाठवण्याच्या बटणावर पडलं. चुकून पडलं, असं ती स्वतःला चार दिवस सांगत राहिली.

पहिला आला तो घाईसाहेब. “ताई, दोष सापडला! वय एकोणीस आणि शिक्षणात खंड बावीस वर्षं. ही पोरगी जन्मायच्या तीन वर्षं आधी कॉलेज सोडून बसलीय!”

“असतात काही मुली घाईच्या,” ताई म्हणाली. तो हसला आणि वहीत दोष टिपून पळाला.

मार्गदर्शकांची उत्तरं आली. बहुतेकांनी हात झटकले होते. ‘संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा’, असं अकरा जणांनी लिहिलं. पण डोंगरावरच्या कॉलेजातल्या सरांनी उलट विचारलं, ‘दगडांपैकी कुठला आवडायचा तुला?’

ताईने दुपारभर वाट पाहिली, मग लिहिलं, ‘पांढऱ्या रेघेचा. दगडाला भेग पडते, भेगेत गरम पाणी शिरतं, आणि निवताना ती भेग भरून जातं.’

‘भरायला किती काळ लागतो?’

‘पुष्कळ. हजारो वर्षंसुद्धा.’

‘मग बावीस वर्षांचं काय घेऊन बसलात?’ सरांनी लिहिलं. सकाळपर्यंत ते तिला ‘तू’ म्हणत होते. खाली आणखी एक ओळ होती. ‘ते नवीन कॉलेज म्हणजे आमचंच. त्या साली खिडकीवर मीच बसायचो. तुम्हाला परत पाठवलं ते मीच असेन. आठवत नाही, याची लाज वाटते.’

ताईने ते तीनदा वाचलं. राग यायला हवा होता. बावीस वर्षं त्या खिडकीमागच्या माणसाला तिने मनातल्या मनात काय काय सुनावलं होतं! पण आला तो हुंदका, आणि तो लपवायला ती उगीचच टेबलाखाली पेन शोधत बसली.

तिसऱ्या दिवशी जुन्या, नदीकाठच्या कॉलेजातल्या मॅडमनी लिहिलं, ‘कोठीतलं रजिस्टर काढलं. सत्तावीस नंबर दोन्ही वर्षं पास आहे. क्षेत्रभेटीत पैकीच्या पैकी. पुढे नावही आहे, पण मी ते इथे लिहिणार नाही. ज्याचं त्यानेच लिहावं.’

घरी ताईने नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी. तोंडात टाचण्या धरून त्याने सगळं ऐकलं, मग एकेक काढून ठेवल्या.

“आता या वयात?” ताई म्हणाली. “लेक यंदा कॉलेजात जाणार. लोक म्हणतील, मायलेकी एका बाकावर बसल्या.”

“बसू देत की. बाक मोडायचा नाही. बावीस वर्षं दगड आणून घर भरलंस, मी कधी बोललो? आता शिकून तरी घे त्यांचं.”

शुक्रवार उजाडला. दुपारी चारला सगळी चाचणीची रेकॉर्डं पुसायची होती. नमुना जाणार, आणि तिच्याबरोबर सरांची ओळ, मॅडमचं रजिस्टर, सगळंच जाणार. खऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर हलवलं, तरच ते राहणार होतं. साडेतीनला ताईने प्रवेशाचा कोरा फॉर्म उघडला. पहिल्याच रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. माहेरचं नाव, रजिस्टरात होतं तसंच. मग वय लिहिलं, त्रेचाळीस.

स्क्रीन लाल झाली. ‘वय मर्यादेबाहेर. सतरा ते तीस.’

ताई बघतच राहिली. हा नियम तिनेच तपासला होता. दुसऱ्याच आठवड्यात एकतीस घालून पाहिलं होतं, लाल झालेलं बघून ‘बरोबर चालतं’ असा शेरा मारला होता, आणि खाली झोकात सही केली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. खिडकीमागे बसून परत पाठवणारी आता तीच झाली होती.

पावणेचारला घाईसाहेब आला. “ताई, पुसायला घेऊ?” त्याने लाल स्क्रीन पाहिली. नाव वाचलं, वय वाचलं, शेजारी उघडा असलेला सतरावा प्रश्न वाचला. आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच खुर्ची ओढून तो खाली बसला.

“तो दोष नव्हता तर,” तो हळूच म्हणाला.

“दोष हा आहे. तीसचा. आणि तपासला मी.”

“लिहिला मी.” त्याने कीबोर्ड जवळ ओढला. “आपल्याला तरी कुठे सुचलं होतं, की कुणी त्रेचाळिसाव्या वर्षी येईल?”

तीसचा आकडा गेला. आपल्या जुन्या शेऱ्याखाली ताईने नवा शेरा लिहिला, ‘आधीचा शेरा चुकीचा’, आणि पुन्हा सही केली. यावेळी झोक नव्हता. स्क्रीन हिरवी झाली. नमुन्याच्या रेकॉर्डातून एकेक ओळ सरकत तिच्या नावाखाली येऊ लागली. व्हरांड्यातली ती मुलगी वही सावरत खोलीत शिरतेय, असं ताईला वाटलं. मुलगी आली, खुर्चीपाशी थबकली आणि मग दिसेनाशी झाली. चार वाजले. नमुना पुसली गेली.

दोन ठिपके लुकलुकले. नदीकाठच्या मॅडमनी जुन्या कॉलेजचा दाखला जोडला होता. डोंगरावरच्या सरांनी नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र.

“आधी कुठला आला?” ताईने विचारलं. तिला दिसेनासं झालं होतं.

घाईसाहेबांनी नोंद काढून दोनदा पाहिली.

“ताई, दोन्ही एकदमच आलेत. चार वाजून दोन मिनिटांनी.”