डीपी जळाली ती अशी

मी वालूरच्या शिवारातली डीपी बोलतेय. कागदोपत्री मी ट्रान्सफॉर्मर, पण शेतकऱ्यांच्या तोंडी डीपीच. नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता, त्या वर्षांत मला ओढ्याकाठच्या दोन खांबांवर चढवलं. बायांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला.

माणसाची घाई मी तिथंच पाहिली. गेलेली लाईट आली की दोन्ही काठांवरच्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या. तो भार झेपायचा नाही, फ्यूज उडायचा. तार बांधून होते न होते तोच पुन्हा सगळ्यांची बोटं बटनावर, आणि फ्यूज पुन्हा उडालेला.

यावर तोड काढली केवळाबाईंनी. नवऱ्यामागं थोडासा भुईमूग त्या एकट्याच करायच्या. माझ्याखाली सगळ्यांना बसवून त्या म्हणाल्या, "आदी अलीकडच्या काठानं मोटरी लावायच्या, मंग पलीकडच्यानं. मोटर बंद पडली तर एक बिडी ओढूस्तोर थांबा. पुन्ना पडली तर भाकर खाऊस्तोर. तरी न्हाई चालली तर घरी जाऊन या. दर खेपंला जास्ती थांबायचं, म्हंजी डीपीला दम खाता येतो."

लोक हसले, पण वागले तसंच. फ्यूज उडेनासा झाला. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

पुढं भगवानराव या बड्या बागायतदारानं ऑटो बसवला. लाईट आली की त्यांची मोटर आपोआप सुरू, पडली की लगेच पुन्हा सुरू. त्यांचं बघून इतरांनीही ऑटो आणले. फ्यूज पुन्हा उडायला लागला, तेव्हा भगवानरावांच्या गड्यानं त्या जागी जाड तार ठोकून दिली. फ्यूजचं मरण माझ्यावर आलं. ऐन शेंगा भरायच्या दिवसांत, भर दुपारी, माझ्या पोटातलं तेल उकळलं आणि मी जळाले. केवळाबाई तेव्हा बांधावर बसून आपल्या पाळीची वाट बघत होत्या.

त्या जाब विचारायला गेल्या. भगवानराव शांतपणे म्हणाले, "मी कुठं बटन दाबलं, वहिनी? ते आपोआप हुतंय."

त्यांच्याकडं डिझेलचं इंजन होतं. त्यांचा ऊस तगला. केवळाबाईंचा भुईमूग वाळून कोळसा झाला.

आता मी परभणीत भंगारात पडलेय. तांबं काढून नेलंय, नुसता पत्रा उरलाय. माझ्या जागी नवी डीपी बसली म्हणे. बाबांनो, तिला तरी दम खाऊ द्या, एवढंच माझं मागणं.

पण परवा नागनाथ लाईनमन इथं कुणाला तरी सांगत होता. नव्या डीपीवर लाईट आली, तेव्हा पाळीची वाट न बघता सगळ्यांत आधी बटन दाबलं ते केवळाबाईंनी.