पार्सलबाबाचं आसन

आधीच बजावतो, यातल्या एका शब्दावरही तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. गोष्ट शिंपीणबाईंची आहे आणि त्यांच्याच खोलीत बसून सांगायची आहे. कुठं चुकलं तर कात्री घेऊन त्या बसल्याच आहेत, कोपऱ्यात त्यांची आईही आहे.

तर, संध्याकाळ झाली की इमारतीच्या दारात ही गर्दी! नऊ मजल्यांची माणसं पायऱ्या उतरून वॉचमनच्या केबिनसमोर हात जोडून उभी. वॉचमन आता वॉचमन राहिला नव्हता, पार्सलबाबा झाला होता. चादर पांघरलेल्या उंच आसनावर मांडी ठोकायचा, डोळे मिटायचा आणि कुणाचं पार्सल कधी दारात येणार ते सांगायचा. सांगेल तसंच यायचं!

"बाबा, माझे बूट?"

"उद्या दुपारी. आज जेवणाचा डबा पाठव, वाट मोकळी होईल."

"पण फोनवर तर 'पोहोचले' असं आलंय."

"खुळा रे खुळा! सूक्ष्म रूपात पोहोचले. स्थूल देह मागून चालत येतो. बूटच ते, चालतच येणार!"

गर्दी धन्य व्हायची. डब्यांवर डबे यायचे. बाबाचं पोट वाढत होतं, आसनही वाढत होतं.

शिंपीणबाई असल्या नादाला लागणाऱ्या नव्हत्या. पण आईच्या उरलेल्या एकुलत्या एका डोळ्यात जंतू शिरले. डॉक्टर म्हणाले, "औषधाचे थेंब बाहेरगावाहून बर्फात येतील. आल्याबरोबर घातले तर डोळा वाचेल." सोमवारी फोनवर आलं, 'पोहोचले'. दारात मात्र काहीच नाही. कंपनीत फोन केला, तर "आम्ही दिलंय बाई" म्हणून त्यांनी हात झटकले.

"तुमचा ताठा घाला चुलीत," शेजारीण म्हणाली. "बाबांना विचारा."

बाई पायऱ्या उतरल्या. हात जोडले.

"गुरुवारी," बाबा डोळे न उघडता म्हणाला. "श्रद्धा ठेव. मध्ये शोधाशोध केलीस तर आणखी लांबेल."

बाईंनी श्रद्धा ठेवली. गुरुवारी खोकं आलं. आत बर्फाचं पाणी झालेलं, थेंब कोमट, आणि वरचा पुठ्ठा दोन गोल खळगे पडून दबलेला. बाईंचा जन्म माणसांची मापं घेण्यात गेला होता. हे माप कुणाचं, ते कळायला त्यांना टेप लागला नाही.

आईचा डोळा बुधवारीच गेला होता.

बाई रडल्या नाहीत. एक गजराचं घड्याळ आणलं, संध्याकाळी सहाला लावलं, खोक्यात घातलं आणि सकाळी स्वतःच्याच पत्त्यावर धाडून दिलं. दुपारी फोनवर 'पोहोचले' आलं. सहाला थोडा अवकाश असताना त्या रांगेत उभ्या राहिल्या.

"बाबा, माझं पार्सल कुठंय हो?"

बाबानं श्वास रोखला. "दूर... नदीपलीकडे. परवा येईल."

आणि बाबाच्या बुडाखालून गजर सुरू झाला!

बाबानं मांडी घट्ट केली. गजर काही दबेना. बाबा खोकला, गाऊ लागला, गजर त्याच्याहून मोठ्यानं गाऊ लागला. बाईंनी चादर धरून एकच हिसडा दिला. बाबा जमिनीवर, आणि आसन उघडं पडलं: सगळ्या मजल्यांची पार्सलं, एकावर एक रचलेली.

भानगड एवढीच होती. लिफ्ट बंद. पार्सलवाले पायऱ्या चढायला नको म्हणून सगळा माल केबिनमध्ये टाकायचे, 'पोहोचले'चं बटण दाबायचे आणि पळायचे. जो माल आपल्याच बुडाखाली, तो कधी येणार हे सांगायला कसली सिद्धी लागते? आपणच उठायचं आणि द्यायचं!

म्हणून सांगतो मंडळी, बसल्या जागेवरून कुणी भविष्य सांगू लागला, तर हात जोडण्याआधी त्याला जरा उठायला सांगा. उठत नसेल, तर खाली वाकून बघा. असो. लोकांचे डोळे उघडले, त्यांनी बाबाला हाकललं, आणि त्या दिवसापासून इमारतीत कुणीही...

"खोटं!" कोपऱ्यातून आई ओरडली. "शेवट का गिळलास रे लबाडा? जमिनीवरून उठता उठता तो काय म्हणाला? 'पाहिलंत? नदीपलीकडचं पार्सल क्षणात ओढून आणलं!' आणि सगळे त्याच्या पाया पडले. डोळे म्हणे उघडले! माझा गेला, कान शाबूत आहेत. ऐक, खाली रांगेत पुढं कोण यावरून आत्ताही भांडण चाललंय."