दोरी तुटलेली पेन्सिल

मला वाटलं होतं, माझं सगळं आयुष्य हातभर दोरीला बांधलेलं जाईल. ईश्वरीला वाटलं होतं, दुबईच्या विमानतळावर बाबा कंपनीची गाडी घेऊन येतील आणि आपण डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या घरी जाऊ. दोघींचंही चुकलं. बाबा टॅक्सीने आले आणि टॅक्सी इंटरनॅशनल सिटीच्या स्वस्त वस्तीकडे वळली. तिथे एका फ्लॅटमधली एकच खोली, मध्ये कपाट आडवं लावून केलेली भिंत, आणि कपाटापलीकडे दुसरं कुटुंब. "तात्पुरतं आहे गं," ईश्वरीची आई म्हणाली. तिच्या आवाजावरून मलासुद्धा कळलं, तात्पुरतं नाही.

मी ईश्वरीच्या पर्समध्ये होते. मी बोलतेय ती लीड्सच्या मतदान केंद्रातली पेन्सिल. आता बोटभरच उरले आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती शाळेच्या हॉलमधली प्लायवूडची खोपटी आणि माझ्या गळ्यातली दोरी. माझ्या टोकाला रबर नाही. तिथे त्याचं कामच नव्हतं. माणूस यायचा, नाव-पत्ता सांगायचा, यादीतल्या त्याच्या नावावर रेघ ओढली जायची, मग तो माझ्याकडे. एक फुली, की झालं. २००५ साली लोक गप्पा मारत आले होते. २०१० च्या मे महिन्यात मात्र मुकाट आले. मधल्या काळात बँका बुडाल्या होत्या, नोकऱ्या गेल्या होत्या. त्या गुरुवारी लोकांनी मला इतकं दाबून धरलं की माझं टोक दोनदा मोडलं.

ईश्वरी संध्याकाळी आली. पासपोर्ट भारताचा, पण कॉमनवेल्थ देशातला माणूस तिथे राहत असेल तर त्याला मत देता येतं. राज्यशास्त्र शिकणारी ही मुलगी आयुष्यात पहिल्यांदा मत देत होती. फुली मारून तिने मतपत्रिकेची घडी घातली. डोळे पुसायला तिने ओढणी ओढली, माझी दोरी तिच्यात अडकली आणि तुटली. मी तिच्याबरोबर बाहेर पडले. रात्री दुबईला आईबाबांकडे जायची बॅग भरताना मी सापडले तेव्हा ती चोरी केल्यासारखी घाबरली. तिने पाकीट घेतलं, कौन्सिलचा पत्ता लिहिला, मला आत ठेवलं. विमानाच्या घाईत पाकीट टाकायचं राहिलं.

पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून पुढचं मला सगळं ऐकू आलं, फटीतून दिसलंही.

गुणवंतराव, तिचे बाबा, एका बांधकाम कंपनीत साइट मॅनेजर. मंदीत दोन टॉवर अर्ध्यावर थांबले. मालक देश सोडून गेला, व्हिसाची कामं बघणारा पीआरओ गेला. कॅम्पमध्ये त्रेचाळीस कामगार उरले. त्यांचे पासपोर्ट ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची चावी बाबांकडे. व्हिसा रद्द झाल्याशिवाय त्यांना गावी जाता येत नव्हतं, आणि त्या कागदांवर चालणारी सही आता एकट्या बाबांची होती.

बाबांचा स्वतःचा पासपोर्ट मात्र मालकाच्या मेव्हण्याकडे. त्याने एक टाइप केलेलं पत्र पाठवलं होतं: 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' बुधवारी सकाळपर्यंत सही झाली तर पासपोर्ट आणि तिकीट, पण मग कामगारांच्या कागदांवर बाबांची सही चालणार नव्हती. नाही तर, हबीबी, आमची काही जबाबदारी नाही.

"सही केली तर निदान 'राजीनामा दिला' म्हणून सांगता येईल," आई म्हणाली. "काढून टाकलं हे नाशिकला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"आणि चावी?"

"वॉचमनकडे द्या असं म्हणालेत ना ते? मग द्या."

 ईश्वरीने बाबांच्या हातातलं पत्र घेऊन पुन्हा वाचलं.  मग ती बोलली, आणि मला लाज वाटली. "बाबा, सही करा. लंडनला पंतप्रधान हरला की दुसऱ्या दिवशी सामानाची गाडी दाराशी येते. माणूस बायकोमुलांना घेऊन मान वर करून बाहेर पडतो. खुर्चीला चिकटत नाही. सन्मानाने जाणं, हीच तिकडची रीत."

खोटं नव्हतं. अर्धं होतं.

रविवारी वली आला, कॅम्पमधला मुकादम. चप्पल दाराबाहेर काढून उभाच राहिला. "साब, लड़के पूछ रहे हैं, आप तो हैं ना?"

"इन्शाल्ला," बाबा म्हणाले.

"साब, इन्शाल्ला तो मालिक भी बोल के गया था."

तो गेल्यावर बाबांनी टीव्ही लावला. लंडनची बातमी होती. निकाल लागून दोन दिवस झाले होते आणि मावळता पंतप्रधान अजून त्याच घरात होता.

"इशू, तुझा माणूस तर गेला नाही!" बाबा हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. "हा तर अगदी आपल्याकडच्यासारखा निघाला."

तिला खोटं सांगता येईना. "तसं नाही, बाबा. आम्ही फुली मारतो ती आमच्या भागातल्या उमेदवारापुढे. पंतप्रधान कोणी थेट निवडतच नाही. साडेसहाशे जागा, आणि त्या सभागृहाचा विश्वास ज्याच्यावर, त्याला राणी बोलावते. या वेळी कुणालाच बहुमत नाही. पक्षांची बोलणी चाललीयत. तोवर जुन्याने थांबायचं असतं. नवे मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, पण जागा सोडायची नाही."

"हरला तरी?"

"हरला तरी. पुढचा कोण ते कळल्याशिवाय गेला तर मागे सरकारच उरणार नाही."

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "हे तू परवा सांगितलं नाहीस."

"नाही."

आईने तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. "कशाला सांगितलंस हे त्यांना? तुझं इलेक्शन तुझ्यापाशी ठेव ना! त्यांना पटतं असलं काही. आपण बिनव्हिशाचे पकडले गेलो तर तुझी राणी येणार आहे सोडवायला?"

ईश्वरी चहाचं आधण ठेवायला वळली.  वाचणाऱ्या माणसा, मला तुझ्यापाशी एवढंच मागायचंय: फुली मारून झाली की काम संपलं असं समजू नकोस. मी पाच वर्षं तसंच समजत होते.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बाबा जेवले नाहीत. पत्र टेबलावर, त्यावर कंपनीचं पेन, शेजारी ईश्वरीचं परतीचं तिकीट: गुरुवार सकाळ. शुक्रवारी लीड्सला नोकरीची मुलाखत होती. नोकरी लागली तर तिकडे राहायचं आणि इथल्या दोघांना हात द्यायचा, असं तिने ठरवलं होतं.

बुधवारी सकाळी टीव्ही लावला. आपण झोपलो होतो तेव्हा तिकडे सरकार बदललं होतं. दोन पक्ष एकत्र येणार हे दिसताच जुना राणीकडे राजीनामा घेऊन गेला, आणि तासाभरात नवा तिच्याकडून पंतप्रधान होऊन निघाला. एवढ्या मोठ्या देशात तेवढाच तास रिकामा.

बाबांनी पेन उचललं. "गेला शेवटी. मग मीही मोकळा, नाही का?"

आई डोळे मिटून उभी होती. एक 'हो' म्हटलं असतं तर आईबाबा रात्रीच्या विमानात असते आणि ईश्वरी सकाळच्या. तिच्या ओठांवर तो आलाही असावा.

"त्याच्या मागून कोणीतरी येत होतं, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या मागून कोण येतंय?"

 बाबांनी पेनला टोपण लावलं.  "खलास," एवढंच आई म्हणाली. मुलीकडे बघितलंही नाही.

ईश्वरीने आपलं तिकीट उचललं, घडी केली, कचऱ्यात टाकलं. मग लीड्सच्या पत्त्याचं पाकीट उघडून मला बाहेर काढलं. राजीनाम्याचं पत्र उलटं केलं. "वलीपासून नावं सांगा. ज्याचे कागद होतील त्याच्यापुढे फुली. त्रेचाळीस फुल्या झाल्या की तुम्ही सही करा."

"आणि तोवर आपलं काय?"

 माझं टोक बोथट होतं. तिने भाजीच्या सुरीने मला तासलं. मी अजून आखूड झाले. मग तिने पहिलं नाव लिहिलं.