गाडीतली कुईकुई

कॉलेजात असताना मुलाने स्वतःच्या हाताने गाडीच्या डिकीत ॲम्प्लिफायर बसवला होता. पुढे तो नोकरीसाठी लांब गेला. गाडी आणि बाबा मागे राहिले.

एरवी रविवारचा फोन म्हणजे, "बरे आहात ना? जेवलात ना? ठेवतो." पण गेल्या महिन्यात स्पीकरमधून कुईकुई सुरू झाली, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढायला लागली, आणि बाबांचं नशीब उघडलं. मुलगा भरभरून बोलू लागला. "अर्थिंग नीट नसणार. वायरी तपासायचा मीटर आणा, मी सांगतो कसं बघायचं." जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाबांनी मुकाट्याने मीटर आणला.

गोची अशी झाली, की आठवड्याच्या मध्येच बाबांना दोष सापडला. अर्थिंगची वायर पत्र्याला जिथे बोल्टने आवळली होती, तिथला रंगच चिरंजीवांनी खरवडला नव्हता. बाबांनी काचपेपरने पत्रा घासून उघडा केला, बोल्ट आवळला, मीटर लावला. आकडा हवा तसा, जवळजवळ शून्यावर. कुईकुई गायब! बाबा स्वतःवर बेहद्द खूश झाले. मग रविवार आठवला. आता फोनवर बोलायचं कशावर?

रविवारी फोन यायच्या आधी त्यांनी बोल्ट पुन्हा ढिला केला. हे उद्योग या वयात शोभत नाहीत, हे त्यांनाही कळत होतं.

"मीटर किती दाखवतोय?" मुलाने विचारलं.

"शून्यावर येतच नाही मेला," बाबा साळसूदपणे म्हणाले.

"इंजिन चालू करून ऐकवा."

बाबांनी ऐकवलं. कुईकुई झकास येत होती.

मुलाने सुस्कारा टाकला. "जाऊ दे बाबा. किती दिवस हा घोळ घालायचा? काढूनच टाका तो ॲम्प्लिफायर. तसंही तुम्ही गाणी कुठे ऐकता?"

"नाही ऐकत."

"मग झालं तर. ठेवू?"

डिकी उघडी, हातात मीटरच्या दोन वायरी, आणि पुढे अख्खा रविवार. बाबांना फार एकटं वाटलं.

"अरे, थांब थांब! हल्ली हेडलाइटपण लुकलुकतोय."

हेडलाइट ठणठणीत होते. पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"कुठला? डावा की उजवा?"

बाबांनी क्षणभर विचार केला.

"दोन्ही," ते म्हणाले.